इलेक्ट्रिक गाडीमागे ट्रेलर: बे एरिया ते सॉल्ट लेक सिटी, पहिल्यांदा निघणाऱ्यांसाठी

मे महिना उजाडला की बे एरियातल्या मराठी घरांत एक प्रश्न हमखास निघतो. दारात टेस्ला आहे, मुलं कॅम्पिंगसाठी मागे लागली आहेत, मग एखादा छोटा कॅम्पर ट्रेलर जोडून यलोस्टोनपर्यंत जाता येईल का? येतं, आणि फार छान जाता येतं. पण पेट्रोल गाडीच्या सवयीने, म्हणजे काटा खाली आला की पुढच्या एक्झिटला बघू या हिशेबाने निघालात, तर नेवाडात गाडी रस्त्याच्या कडेला उभी राहील. तसं होऊ नये म्हणून हे सविस्तर लिहितो आहे.

उदाहरण म्हणून टेस्ला मॉडेल वाय लाँग रेंज घेऊ, कारण आपल्या लोकांकडे ती सर्रास दिसते. रस्ता आय-८०: फ्रीमाँट किंवा सॅन होझेहून सॅक्रामेंटो, डोनरचा घाट, रीनो, नेवाडाचं पठार आणि सॉल्ट लेक सिटी. अंतर साडेसातशे मैलांच्या आसपास. गाडी किया ईव्ही९ असो की रिव्हियन, आकडे बदलतील, पद्धत हीच.

मोजमापाचं एक ठरवून टाकू. किलोवॅट-तास म्हणजे आपल्या घरच्या वीजबिलातलं एक युनिट. या लेखात मी युनिटच म्हणणार आहे. मॉडेल वाय लाँग रेंजमध्ये वापरता येण्याजोगी सुमारे ७५ युनिटं असतात. एकटी गाडी हायवेवर मैलाला पाव युनिटापेक्षा थोडं जास्त खाते. मागे छोटा कॅम्पर लागला की ताशी ५५ मैल वेगाने, सपाटीवर, वारा नसताना अर्धं युनिट धरा. रेंज निम्मी होते असं सगळे म्हणतात ते यामुळेच.

गाडीला ओढायचा जोर भरपूर असतो. तो इतका सहज मिळतो की मागे काही जोडलं आहे हे चढावरही जाणवत नाही. अडचण जोराची नाही, साठ्याची आहे, आणि साठा सगळ्यात जास्त खातो तो वारा. ट्रेलरची निवड, वेग, टप्पे, निघायची वेळ या सगळ्या गोष्टी यावरूनच ठरतात.

आधी दार उघडून स्टिकर वाचा

मॉडेल वाय ३,५०० पौंडांपर्यंत ओढू शकते आणि हिचवर, म्हणजे गाडीच्या मागे ट्रेलर अडकवायच्या जोडणीवर, ट्रेलरच्या दांड्याचा भार, म्हणजे टंग वेट, ३५० पौंडांपर्यंत चालतो. पण त्याच्याही आधी ड्रायव्हरच्या दाराच्या खांबावरचा स्टिकर वाचा. माणसं आणि सामान मिळून गाडीत जास्तीत जास्त किती पौंड चालतील ते तिथे लिहिलेलं असतं. टंग वेट या आकड्यातूनच वजा होतं आणि नवखे लोक नेमकं इथेच चुकतात. चौघांचे ५५० पौंड, मागच्या डिकीत १२० पौंड सामान आणि ३०० पौंड टंग वेट धरलं तर ९७० झाले. आजी-आजोबाही सोबत असतील तर ट्रेलर ३,५०० पौंडांच्या आत असूनही गाडी मर्यादेबाहेर जाईल.

हिच कंपनीचा नसेल तर तो कोणी बसवला, त्याला किती वजन चालतं आणि गाडीच्या संगणकाला ट्रेलर लागल्याचं कळतं का, हे तपासून घ्या. ट्रेलरची वायर जोडली की मॉडेल वाय आपोआप ट्रेलर मोडमध्ये जाते. मग ती पुढच्या गाडीपासून जास्त अंतर ठेवते, ऑटोस्टिअर, म्हणजे स्टिअरिंग आपोआप सांभाळणारी सोय, बंद होतं आणि ट्रेलर डोलू लागला तर तो सावरायची यंत्रणा चालू राहते. हा मोड लागल्याचं चिन्ह पडद्यावर दिसल्याशिवाय रस्त्यावर येऊ नका.

ट्रेलर निवडताना त्याचं तोंड पाहा

दुकानदार वजन सांगतो, तुम्ही रुंदी आणि उंची विचारा. सपाट रस्त्यावर एका वेगाने जाताना वजनाचा वाटा मुख्यतः टायरच्या घर्षणातून येतो आणि तो बेताचा असतो. हवा कापायला लागणारी ऊर्जा मात्र ट्रेलरच्या समोरच्या क्षेत्रफळावर आणि आकारावर अवलंबून असते. म्हणून १,८०० पौंडांचा उंच, चौकोनी खोका हा २,५०० पौंडांच्या बसक्या, गोलसर ट्रेलरपेक्षा जास्त बॅटरी खाऊ शकतो.

स्कॅम्प आणि कसीटासारखे फायबरग्लासचे अंडाकार ट्रेलर किंवा अश्रूच्या आकाराचे टी@बी इलेक्ट्रिक गाडीवाल्यांमध्ये आवडते आहेत ते याचमुळे. छत खाली बसणारे पॉपअप ट्रेलर तर त्याहून बरे. ट्रेलरच्या छतावर एसी, सायकली आणि कयाक असा डोंगर रचू नका. सायकली गाडीत किंवा ट्रेलरच्या आत मावल्या तर उत्तम.

माझं स्पष्ट मत आहे की पहिल्या वर्षी विकत घेऊ नये. आउटडोअर्सी किंवा आरव्हीशेअरवरून भाड्याने घ्या. कॅम्पिंग नको, नुसतं सामान न्यायचं असेल तर यू-हॉलचा छोटा बंद ट्रेलर घ्या. त्यांची कमाल वेगमर्यादा ५५ मैल आहे आणि आपल्या कामाला ती बरोबर जुळते. विमा कंपनीला फोन करून विचारा. तुमच्या गाडीच्या पॉलिसीत दुसऱ्याच्या नुकसानीची भरपाई बहुधा ट्रेलरलाही लागू होते, पण ट्रेलरच फुटला तर त्याचं काय, हा वेगळा प्रश्न असतो.

जोडणी: घाई करायची नाही अशी जागा

हिचच्या बॉलचा आकार त्यावर बसणाऱ्या ट्रेलरच्या टोकावर, म्हणजे कप्लरवर, कोरलेल्या आकाराशी तंतोतंत जुळला पाहिजे. लहान ट्रेलरना १ ७/८ इंच किंवा २ इंच बॉल लागतो. दोन इंचाच्या कप्लरमध्ये लहान बॉलही बसल्यासारखा वाटतो आणि पहिल्या खड्ड्यात निसटतो. कप्लर बॉलवर बसवून खटका लावला, पिन घातली की ट्रेलरचा जॅक थोडा वर फिरवून पाहा. गाडीची मागची बाजू ट्रेलरबरोबर उचलली गेली तर जोड पक्का. कप्लर एकटाच वर आला तर तो बसलेलाच नव्हता. ही तपासणी अर्ध्या मिनिटाची आहे आणि ती प्रत्येक वेळी करायची, चहासाठी दहा मिनिटं थांबून परत जोडलं तरीसुद्धा.

सुरक्षा-साखळ्या दांड्याखालून एकमेकींना ओलांडून लावा. कप्लर सुटला तर दांडा रस्त्यावर न घासता त्यांच्या झोळीत पडतो. ब्रेक असलेल्या ट्रेलरला एक बारीक ब्रेकअवे केबल असते. ती साखळीला न अडकवता गाडीच्या हिचला स्वतंत्र लावा, कारण साखळ्या तुटल्या तर तिनेच ट्रेलरचे ब्रेक ओढायचे असतात.

बहुतेक राज्यांत ३,००० पौंडांवरच्या ट्रेलरला स्वतःचे ब्रेक सक्तीचे आहेत आणि काही ठिकाणी मर्यादा त्याहून कमी आहे. कायदा काहीही म्हणो, कुटुंब घेऊन घाट उतरायचा असेल तर दीड हजार पौंडांवरच्या कॅम्परला ब्रेक हवेतच असं मी म्हणेन. त्यासाठी सात-पिनचं कनेक्टर आणि ब्रेक कंट्रोलर, म्हणजे गाडीतून ट्रेलरचे ब्रेक चालवणारं यंत्र, लागतो. रिव्हियन आणि एफ-१५० लाइटनिंगसारख्या ट्रकमध्ये तो आतच मिळतो. इतर गाड्यांसाठी सात-पिनच्या सॉकेटात बसणारे आणि फोनवरून चालणारे ब्लूटूथ कंट्रोलर मिळतात.

ट्रेलरच्या टायरची हवा गार असताना मोजा. टायरच्या कडेला डीओटी लिहिलेल्या कोडचे शेवटचे चार आकडे म्हणजे तो कधी बनला त्याचा आठवडा आणि वर्ष. २३१९ असेल तर २०१९ सालचा तेविसावा आठवडा. पाच-सहा वर्षांवरचा टायर वरून नवा दिसला तरी लांबच्या प्रवासाला घेऊ नका. ट्रेलर बहुतेक वेळ उन्हात उभा असतो आणि रबर नक्षी झिजायच्या आधीच वाळतं.

सामान कुठे ठेवायचं

वजनाचा साधारण ६० टक्के भाग ट्रेलरच्या पुढच्या अर्ध्यात, ४० टक्के मागे. टंग वेट एकूण वजनाच्या १० ते १५ टक्के यायला हवं. पाण्याची टाकी, गॅसचा सिलिंडर, तांदूळ-पिठाचे डबे, प्रेशर कुकर ही जड मंडळी एक्सलच्या जरा पुढे आणि जमिनीलगत. मागे वजन जास्त झालं की ट्रेलर शेपूट हलवायला लागतो आणि ते रोखणं अवघड असतं. पाण्याची टाकी भरून नेऊ नका. गॅलनला सव्वाआठ पौंडांहून जास्त वजन होतं आणि कॅम्पग्राउंडवर नळ असतोच.

सगळं भरून झाल्यावर एखाद्या ट्रक स्टॉपवर कॅट स्केलवर, म्हणजे ट्रकच्या वजनकाट्यावर, जाऊन वजन करा. प्रत्येक एक्सलचं वेगळं वजन छापून मिळतं. एकदा ट्रेलरसह, एकदा नुसती गाडी, की सगळे अंदाज संपतात.

तुमचा स्वतःचा आकडा शोधा

अर्धं युनिट हा माझा अंदाज झाला, तुमच्या ट्रेलरचा आकडा तुम्हालाच काढायचा आहे. त्यासाठी मोठ्या प्रवासाच्या आधी एक छोटा प्रवास हवा. सॅन होझेहून जेमतेम ८० मैलांवर पिनॅकल्स नॅशनल पार्क आहे. कॅम्पग्राउंड पूर्वेच्या दाराने, हॉलिस्टरकडून आहे. पूर्व आणि पश्चिम दारांना आतून जोडणारा रस्ता नाही, त्यामुळे नकाशात दार नीट निवडा. तिथल्या आरव्ही जागांवर वीजजोडणी मिळते.

जाताना ट्रिप मीटर शून्य करा, ५५ वर स्थिर चालवा आणि मैलाला किती वॅट-तास गेले ते पाहा. ५०० दिसलं तर अर्धं युनिट. वाऱ्याचा वेग आणि दिशा हवामानाच्या ॲपमधून टिपून ठेवा. परतीच्या वाटेवर काही मैल ६५ ने चालवून पाहा. ५५ वरून ६५ वर गेलं की हवेचा रोध सुमारे ४० टक्क्यांनी वाढतो आणि आकडा ०.६ च्या घरात जातो. एकदा डोळ्यांनी पाहिलं की पाय आपोआप हलका होतो.

हा आकडा ए बेटर रूट प्लॅनर या ॲपमध्ये भरा. त्यात जादा वजन, कमाल वेग आणि तुमचा खप देता येतो आणि वारा, चढ, तापमान धरून टप्पे आखून मिळतात. पडद्यावरच्या उरलेल्या मैलांकडे पहिले तीसेक मैल लक्षच देऊ नका. गाडीला ट्रेलरची सवय व्हायला तेवढा वेळ लागतो.

टप्पे आखणं: इथे वेळ द्या

वेगवान चार्जिंग १० ते ८० टक्क्यांत होतं. त्यानंतर चार्जर मंदावतो. ७५ चे ७० टक्के म्हणजे सुमारे ५२ युनिटं, म्हणजे अर्ध्या युनिटाच्या हिशेबाने शंभरेक मैल. वारा आणि चढासाठी थोडं राखून ९० मैलांचा टप्पा धरा. दिवसाला २२० ते २९० मैल, तीन दिवसांत सॉल्ट लेक सिटी. पहिला मुक्काम रीनो-स्पार्क्सच्या आसपास, दुसरा एल्कोला. मुलांसोबत यापेक्षा जास्त ताणू नये.

डोनरचा घाट. चढाचा हिशेब शाळेतल्या भौतिकशास्त्राचा आहे: वजन गुणिले उंची. गाडी, माणसं, ट्रेलर मिळून ७,८०० पौंड, म्हणजे ३,५५० किलो धरू. सॅक्रामेंटो जवळपास समुद्रसपाटीला आणि आय-८० चा माथा ७,२३९ फुटांवर, म्हणजे सुमारे २,२०० मीटर. मुंबई-पुणे रस्त्यावरचा बोरघाट सहाशे मीटरच्या आत संपतो, त्यावरून कल्पना करा. एवढं वजन एवढ्या उंचीवर न्यायला नुसती चढाची २१ युनिटं लागतात. मोटरमधली घट धरून २३. इथे वजनाला महत्त्व येतं. सपाटीवर न जाणवलेलं सामान घाटात हिशेब मागतं.

म्हणून सॅक्रामेंटोहून थेट निघू नका. रोझविल-रॉकलिनला, पायथ्याशी, ९५ टक्क्यांपर्यंत भरा. रॉकलिन ते ट्रकी साधारण ७७ मैल. अंतराची ३८ युनिटं आणि चढाची २३ मिळून ६१, त्यातली तीनेक माथ्यापासून ट्रकीपर्यंतच्या उतारावर परत मिळतात. म्हणजे ७७-७८ टक्के खर्च. ट्रकीला पोचाल तेव्हा १७ टक्क्यांच्या आसपास उरलेलं असेल. पुरेसं आहे, पण रमतगमत ६५ ने चढायला पुरेसं नाही.

ट्रकीला मात्र बॅटरी काठोकाठ भरू नका. तिथून रीनोपर्यंत उतारच आहे आणि भरलेली बॅटरी परतीची वीज घेऊ शकत नाही. रिजनरेटिव्ह ब्रेकिंग, म्हणजे वेग आवरताना मोटरने वीज परत बॅटरीत भरणं, कमी पडतं आणि सगळा भार चाकांच्या ब्रेकवर येतो. ५०-६० टक्के घेऊन निघा.

नेवाडाचं पठार. स्पार्क्स ते लव्हलॉक ९० मैल, लव्हलॉक ते विनेमक्का ७३. हे दोन टप्पे निवांत आहेत आणि दोन्ही गावांत सुपरचार्जर, म्हणजे टेस्लाचा वेगवान चार्जर, आहे. उंचीमुळे हवा विरळ असते, चार-पाच हजार फुटांवर रोध दहा-पंधरा टक्क्यांनी कमी, तेवढा फायदा गुपचूप मिळतो.

सगळ्या प्रवासातला कसोटीचा टप्पा म्हणजे विनेमक्का ते एल्को: १२४ मैल. अर्ध्या युनिटाने ६२, त्यात एल्को साडेसातशे फूट उंच आणि मध्ये एमिग्रंट समिटचा ६,१०० फुटांचा चढ. एकूण ६५ च्या पुढे. वारा शांत असेल तर ९८ टक्क्यांनी निघून दहाएक टक्के घेऊन पोचाल. समोरून ताशी २० मैलांचा वारा असेल तर तुमचा ५५ चा वेग हवेसाठी ७५ होतो, रोध जवळपास दुप्पट होतो आणि मैलाला पाऊण युनिट लागतं. १२४ मैलांना ९० हून जास्त युनिटं. ती तुमच्याकडे नाहीतच.

त्यामुळे हा टप्पा वाऱ्याचा अंदाज पाहूनच सुरू करायचा आणि मधल्या बॅटल माउंटनला, विनेमक्काहून ५३ मैलांवर, थांबायची सोय आदल्या दिवशी फोन करून ठरवून ठेवायची. चार्जर असो वा आरव्ही पार्कमधला ५० ॲम्पियरचा सॉकेट. निघाल्यावर तीस मैलांनी आकडा पाहा. मैलाला ०.५५ च्या वर गेला असेल तर वेग ५० वर आणा आणि बॅटल माउंटनला वळा.

एल्को ते वेस्ट वेंडोव्हर ११० मैल. वाटेत पेक्वॉप समिट, ६,९६७ फूट, या रस्त्यावरचा नेवाडातला सगळ्यात उंच माथा, पण पलीकडे लांब उतार असल्याने बरंच परत मिळतं. वेंडोव्हरनंतर बॉनव्हिलचं मिठाचं मैदान लागतं. रस्ता सरळसोट, सपाट, आणि शंभरेक मैल वस्ती नाहीच म्हणा. आडोसाही नाही. इथे ९० टक्क्यांच्या खाली निघू नका.

सॉल्ट लेक सिटीपासून पुढे यलोस्टोनचा रस्ता आय-१५ ने पोकाटेलो, आयडाहो फॉल्स आणि मग वेस्ट यलोस्टोन असा. चार्जर जवळजवळ आहेत, काळजीचं फार काही नाही. ट्रेलर घेऊन पार्कभर फिरण्यात अर्थ नाही. तो कॅम्पग्राउंडवर ठेवा आणि नुसत्या गाडीने फिरा. पार्कच्या आत वीजजोडणी असलेलं एकच कॅम्पग्राउंड आहे, फिशिंग ब्रिज. ते फार आधी भरतं. नाही मिळालं तर वेस्ट यलोस्टोन गावात आरव्ही पार्क आहेत.

चार्जरवर ट्रेलरचं काय करायचं

बहुतेक सुपरचार्जर असे आहेत की गाडी मागे घेऊन लावायची आणि केबल आखूड. मागे ट्रेलर असताना ते जमत नाही. सरळ आत शिरून सरळ बाहेर पडता येईल असे थांबे मोजके आहेत. टेस्लाच्या काही नव्या जागी, रिव्हियनच्या काही केंद्रांवर आणि पायलट-फ्लाइंग जे ट्रक स्टॉपवर ते मिळतात. प्लगशेअर ॲपवरचे फोटो आदल्या रात्री बघा. चार्जरची मांडणी फोटोत जेवढी कळते तेवढी वर्णनात कळत नाही.

एखाद्या टोकाचा चार्जर मोकळा असेल आणि कोणाची वाट न अडवता आडवं लागता येत असेल तर ठीक. नाहीतर ट्रेलर सोडा. चार-पाच चार्जर अडवून ट्रेलरसकट उभं राहणं योग्य नाही, रात्री अकराला सगळे रिकामे असले तरीही. मागून येणाऱ्याची बॅटरी पाच टक्क्यांवर असू शकते.

ट्रेलर सोडायचा क्रम पाठ करून टाका. सपाट जागा, ट्रेलरच्या चाकांना दोन्ही बाजूंनी अडणी, मग वायर, ब्रेकअवे केबल, कप्लरचा खटका, जॅक वर, आणि साखळ्या सगळ्यात शेवटी. अडणी लावण्याआधी कप्लर सोडू नका. घरच्या ड्राइव्हवेत दोघांनी मिळून सराव केलात तर पाच-सात मिनिटांचं काम आहे. अर्ध्या तासाच्या चार्जिंगमध्ये ते सहज बसतं आणि एक जण मुलांना घेऊन बाथरूमला जाऊन येतो. सोडलेल्या ट्रेलरला कप्लर-लॉक लावा.

वेगवान चार्जरला एक्स्टेंशन केबल लावायच्या फंदात पडू नका. बाजारात मिळतात, पण तेवढ्या प्रवाहाला जोड तापला तर आग लागू शकते.

रात्रीचा मुक्काम म्हणजे मोठा चार्जर

तुमच्या छोट्या कॅम्परला ३० ॲम्पियरचा सॉकेट पुरतो. तरी आरव्ही पार्कमध्ये जागा ५० ॲम्पियरचीच मागा. ३० ॲम्पियरचा सॉकेट १२० व्होल्टचा असतो, त्यावर गाडीला तासाला तीन युनिटंही मिळत नाहीत. ५० ॲम्पियरचा २४० व्होल्टचा असतो. टेस्लाच्या मोबाइल कनेक्टरला, म्हणजे सोबत न्यायच्या चार्जिंग केबलला, या सॉकेटात बसणारं १४-५० चं अडॅप्टर लावलंत की ३२ ॲम्पियरने तासाला ७.७ युनिटं मिळतात. दहा तासांत बॅटरी भरते आणि सकाळचा पहिला थांबा वाचतो. अडॅप्टर प्रवासाला निघण्याआधी विकत घ्या, वाटेतल्या गावात मिळेलच असं नाही.

बुकिंगच्या वेळी तीन गोष्टी विचारा: गाडी चार्ज करायला परवानगी आहे का, जादा पैसे किती, आणि जागा सरळ शिरून सरळ निघण्यासारखी आहे का. काही पार्क गाडीला नाही म्हणतात आणि तो त्यांचा अधिकार आहे. जुन्या वायरिंगवर उन्हाळ्यात सगळ्यांचे एसी चालू असतात. परवानगी असली तरी कॅम्परचा एसी आणि गाडी एकाच खांबावर पूर्ण जोराने चालवू नका. प्लग अर्ध्या तासाने हाताला गरम लागला तर गाडीच्या पडद्यावरून प्रवाह २४ ॲम्पियरवर आणा.

रस्त्यावर

कॅलिफोर्नियात ट्रेलर ओढणाऱ्या गाडीला कायद्यानेच ५५ ची मर्यादा आहे. नेवाडा-युटात आय-८० वर पाट्या ८० च्या दिसतील. तुम्ही उजव्या लेनमध्ये, ५५ ते ६० वर. ट्रक ओलांडून जातील, जाऊ द्या. ते जाताना आधी हवेचा धक्का, मग ओढ जाणवते. स्टिअरिंग दोन्ही हातांनी शांत धरा.

ट्रेलर डोलायला लागला तर जोरात ब्रेक लावू नका, स्टिअरिंगने उलट-सुलट सावरायलाही जाऊ नका. चाक सरळ धरा, वेग हळूहळू उतरू द्या आणि कंट्रोलर असेल तर फक्त ट्रेलरचे ब्रेक हाताने लावा. इलेक्ट्रिक गाडीत इथे एक विशेष काळजी आहे. पेट्रोल गाडीत ॲक्सिलरेटरवरून पाय काढला की गाडी नुसती रेंगाळते, आपल्या गाडीत पाय झटकन काढला की जोरदार रिजनरेटिव्ह ब्रेकिंग लागतं. पुढे आपली गाडी आवळली जाते, मागून ट्रेलर ढकलत राहतो आणि डोलणं वाढतं. ओल्या किंवा बर्फाळ उतारावर तर तो आडवाही होऊ शकतो. म्हणून पाय कधीही एकदम उचलायचा नाही. ही सवय सरावाच्या प्रवासातच अंगवळणी पाडा.

पहिल्या पन्नास मैलांनंतर चाकांचे नट टॉर्क रेंचने पुन्हा तपासा. प्रत्येक थांब्यावर ट्रेलरच्या चाकाच्या मध्यभागी हाताची पाठ जवळ नेऊन बघा. कोमट असणं ठीक. एक चाक दुसऱ्यापेक्षा खूप गरम असेल तर बेअरिंग किंवा ब्रेक अडकला आहे, पुढे जाऊ नका.

जर्मनीतल्या वाचकांसाठी थोडक्यात: तिथे ट्रेलरसह मर्यादा ताशी ८० किलोमीटर आहे, जोडगोळीला शंभरची मंजुरी मिळाली तर १००, आणि त्यासाठी ट्रेलरचे टायर सहा वर्षांच्या आतले लागतात. बी, म्हणजे साध्या कारच्या, परवान्यावर ७५० किलोंहून जड ट्रेलर असेल तर गाडी आणि ट्रेलर मिळून ३,५०० किलोंची मर्यादा आहे. इलेक्ट्रिक गाडी मुळातच जड, त्यामुळे ही मर्यादा लवकर गाठली जाते. बी९६ ही परवान्यावरची वाढीव नोंद घेतलीत तर ४,२५० किलो. फास्टनेड या वेगवान चार्जिंगच्या कंपनीची बरीच केंद्रं सरळ शिरून सरळ निघण्यासारखी असतात, टप्पे त्यांच्याभोवती आखा.

परतीचं गणित वेगळं

नेवाडात वारा बहुधा पश्चिमेकडून वाहतो. जाताना तो पाठीशी असतो. पंधरा मैलांचा वारा पाठीशी असला तर खप मैलाला ०.३५ पर्यंतही उतरतो आणि सगळं सोपं वाटतं. त्या आकड्यांवर परतीचे टप्पे आखू नका. तोच वारा तोंडावर येणार आहे, त्यामुळे परतीला प्रत्येक टप्प्याला ०.६ ते ०.७ युनिट धरा आणि एक दिवस जास्त ठेवा.

दुपार चढली की पठारावरचा वारा वाढतो, सकाळ शांत असते. म्हणून परतीचा मुक्काम वेस्ट वेंडोव्हरला ५० ॲम्पियरच्या जागेवर करा आणि पहाटे पाचला पूर्ण बॅटरीने निघा. एल्कोला आणि बॅटल माउंटनला चार्जिंग करूनही सकाळी अकराच्या सुमारास विनेमक्काला पोचता. वेंडोव्हर माउंटन वेळेवर चालतं आणि त्याच्या पश्चिमेला पॅसिफिक वेळ लागते, तेव्हा तिथल्या घड्याळात दहाच वाजलेले असतील.